मागच्या सीटवर

मास्तरांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला, मान दोन्हीकडे वळवून पाहिली आणि बसण्याआधी मोटारसायकलचं मागचं टोक एका हातानं धरून वर उचललं. चाक जमिनीपासून सहज सुटलं. त्यांनी ते क्षणभर अधांतरी धरलं आणि मग एकदम सोडून दिलं.

"ही गाडी?" ते म्हणाले. "ही तर सायकल आहे. पोटात इंजिन घातलेली."

जावई हँडल धरून वाट पाहत उभा राहिला. फाटकाबाहेरच्या झाडाचा शेंडा वाऱ्यानं एका बाजूला वाकला होता आणि काही केल्या सरळ होत नव्हता. घराच्या पायरीवर ठकी बसली होती. मांडीवर कपड्यांची पिशवी, पायांत बूट, बुटांच्या नाड्या पक्क्या बांधलेल्या. आजीनं तिला न्हाऊमाखू घालून तयार केलं होतं. आजोबा आणि बाबा पुलावर जाऊन येणार आणि आल्यावर आजोबा सांगणार, तिनं बाबाबरोबर त्याच्या घरी जायचं की नाही. हे तिला मास्तरांनीच सांगितलं होतं. मुलांपासून काही लपवू नये, असं त्यांचं मत होतं.

"माझ्या लेकीसारखाच बसतो," मास्तर म्हणाले. "एक पाय इकडे, एक तिकडे. की तू तिला एका अंगाला बसवली होतीस?"

"नाही. दोन्हीकडे पाय टाकूनच बसायची."

"बसायची ते राहू दे. मी त्या दिवसाचं विचारतोय."

"त्या दिवशीही तशीच बसली होती."

मास्तर बसले. गाडी खाली दबली.

मास्तरांची मोटारसायकल शिकवण्याची शाळा होती. अर्ध्याअधिक गावानं क्लच आणि ब्रेक यांतला फरक त्यांच्या शिव्या खात समजून घेतला होता. परवान्याच्या परीक्षेला गेलेल्या माणसानं त्यांचं नाव सांगितलं की परीक्षकाचा अर्धा राग मावळायचा. त्यांच्या गाड्या जुन्या आणि अवजड. पडली तर उचलायला दोन माणसं लागतील अशा. जावई पुलापलीकडे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा, चौकटीत बसवायचा. लग्नात मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर जावईबापू म्हटलं होतं, पाठीवर हात ठेवला होता. मास्तरांची लेक गेली त्या अपघातानंतर दवाखान्यात त्याला शुद्ध आली तेव्हा मास्तर खाटेशी उभे होते. "तू वाचलास," ते म्हणाले होते. ते ज्या सुरात म्हणाले, तो सूर ऐकून शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या तोंडी जावईबापू आला नाही.

मोडलेला पाय आणि खांदा घेऊन तो कितीतरी दिवस पडून होता. तोवर पोर आजीआजोबांकडे राहिली आणि तिथंच राहून गेली. कायद्यानं ती त्याची होती, हे त्याला दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकानं सांगून झालं होतं. पण हिसकावून आणलेली पोर पुढं कुणाच्या कुशीत शिरायला जाईल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मास्तरांनी ती आपण होऊन द्यावी, असं त्याला वाटत होतं. शेवटी मास्तरच म्हणाले, वाऱ्याच्या दिवशी मला पुलावरून ने आणि परत आण. तिच्या जागी बसून मला बघायचंय. तुला गाडी येते असं दिसलं तर घेऊन जा पोरीला.

आज सकाळी दुकानात फोन आला. मास्तरांनी नावही सांगितलं नाही.

"वारं सुटलंय," ते म्हणाले. "ये."

*

पूल खाडीच्या मुखावरून जायचा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडीचं गढूळ पाणी, आणि मध्ये वाऱ्याला अडवील असं झाडही नाही की भिंत नाही. ट्रक, बस वगैरे मंडळी तिथून आपल्या तंद्रीत जात. हलक्या मोटारसायकलीला मात्र वारा बखोट धरून ओढायचा.

जाताना समुद्र डाव्या हाताला होता. पुलावर चाक चढलं तसा जावयानं वेग कमी केला, गुडघे टाकीला चिकटवले आणि मुठी सैल सोडल्या. हँडल आवळून धरलं की वाऱ्याचा प्रत्येक धक्का हातांतून थेट पुढच्या चाकात उतरतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रोजच्या येण्याजाण्यात हातांनाच ते कळलं होतं, भिंगावर कुठं किती दाब द्यायचा ते कळतं तसंच. गाडी किंचित डावीकडे, वाऱ्यावर रेलली आणि तशी तिरकीच सरळ रेषेत धावू लागली.

"वेग का कमी केलास?" मास्तर त्याच्या कानाशी ओरडले.

"वारा आहे."

"त्या दिवशी केला होतास?"

"केला होता."

"एवढाच?"

"एवढाच."

मास्तरांचं अंग त्याच्या पाठीमागे ताठ होतं. वारा त्यांच्या छातीला लागून त्यांना ढकलायचा आणि ते ढकलणं सीटमधून जावयाला कळायचं.

"कुठं?" थोड्या वेळानं मास्तरांनी विचारलं.

"परत येताना दाखवतो. आम्ही तुमच्याकडे येत होतो ना, ठकीला न्यायला."

"मला माहीत आहे कुठं येत होतात ते. ओरडली का ती?"

"नाही."

"काही बोलली?"

"वाऱ्यात मला ऐकू आलं नाही."

"म्हणजे बोलली असेल."

"असेल."

"असेल!" मास्तर म्हणाले.

पलीकडच्या टोकाला बंद पडलेलं टोलनाकं होतं. त्याच्या भिंतीच्या आडोशाला जावयानं गाडी थांबवली. वारा अचानक थांबल्यावर कानांत दडे बसल्यासारखं झालं. मास्तर उतरले, भिंतीला टेकले आणि त्यांनी गुडघे चोळले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वाऱ्याचं होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"हात सैल ठेवतोस," ते म्हणाले. "ते बरोबर आहे."

जावयानं मान हलवली.

"वाहनं मागून येताना आरशात बघतोस. तेही बरोबर आहे. वाईट नाही चालवत."

मास्तरांच्या शाळेत ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. इथून त्याचं घर हाकेच्या अंतरावर होतं. खिडकीशी त्यानं एक छोटी खाट लावून ठेवली होती. तिच्यावर घालायची चादर कोणत्या रंगाची आणावी म्हणून तो दुकानात इतका वेळ उभा राहिला होता, की दुकानदारानं शेवटी विचारलं, लग्नाचा शालू घ्यायचाय का?

"चल," मास्तर म्हणाले. "आता जसे तुम्ही आलात तसं ने. त्याच वेगानं. आणि जागा आली की सांग."

*

परतीच्या वाटेवर समुद्र उजवीकडे आला. आता गाडी उजवीकडे, वाऱ्यावर रेलून चालली होती. ज्या बाजूनं वारा, त्याच बाजूनं मागची वाहनं ओलांडून पुढं जात होती. डावीकडे खाडीचा कठडा होता, कमरेपर्यंत येईल न येईल असा.

या बाजूला आलं की त्याला हटकून एकच गोष्ट आठवायची. तो बायकोला सांगायचा, वाऱ्यात माझ्याबरोबर झुकत जा, मी जिकडे जाईन तिकडे. ती मागून त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारायची. "माझ्या बाबांनी मला चालायला येण्याआधी गाडीवर बसवलंय. तू पुढं बघ."

पुलाच्या मध्यावर कठड्याचा एक तुकडा नवा होता. त्याचा रंग बाकीच्या कठड्याहून उजळ.

"इथं," जावई म्हणाला.

मास्तरांनी मान वळवून पाहिलं. ते पाहत असतानाच आरशात बस दिसली. रिकामी होती आणि जोरात येत होती. जावयाला काय होणार ते माहीत होतं. बस शेजारी येईल, वारा अडेल. वाऱ्यावर रेललेल्या गाडीला टेकायला काही उरणार नाही आणि ती उजवीकडे, बसच्या अंगावर झुकेल. अशा वेळी हळूच सावरायचं असतं, कारण बस पुढं सरकली की तोच वारा दुप्पट होऊन येतो. त्यानं आणखी वेग कमी केला.

"काही करू नका," तो ओरडला. "नुसते बसा."

बसचा पत्रा शेजारी आला. वारा बंद झाला. गाडी उजवीकडे झुकली, त्यानं ती हलकेच उचलायला घेतली आणि त्याच वेळी मागून हिसका बसला. मास्तरांनी सगळं अंग डावीकडे फेकलं होतं. कमरेपासून, जोरात, शिकलेल्या माणसासारखं.

हिसका अगदी तोच होता. सीटच्या त्याच कोपऱ्यातून त्याच्या माकडहाडाला जाणवलेला. वर्षभर झोपेत त्याला तो जाणवत आला होता.

बस पुढं गेली आणि वारा येऊन आदळला. गाडी डावीकडे भिरकावल्यासारखी गेली. पायदान कठड्याखालच्या सिमेंटवर घासलं, ठिणग्या उडाल्या, कठडा त्याच्या कोपराला लागून मागं सरकत राहिला. त्यानं ब्रेकला हात लावला नाही. मुठी सैल ठेवल्या. वेग आधीच मेला होता म्हणून गाडी थांबली. इंजिन आचके देऊन बंद पडलं.

दोघंही पाय टेकून तसेच राहिले. मास्तरांची बोटं त्याच्या खांद्यात रुतली होती, मोडलेल्या खांद्यात.

"गाडी उजवीकडे पडत होती," मास्तर म्हणाले.

जावई कठड्याकडे पाहत होता.

"म्हणून मी डावीकडे अंग टाकलं. टाकायचंच असतं. मागच्यानं दुसऱ्या बाजूला अंग टाकलं की गाडी उठते." त्यांनी श्वास घेतला. "टाकायचंच असतं."

त्यांच्या अवजड गाडीवर मागं बसलेल्या चिमुरड्या लेकीनं अंग इकडे टाकलं काय नि तिकडे टाकलं काय, गाडीला पत्ताही लागला नसता. पोरगी समजत राहिली असेल की गाडी तिनंच उठवली, आणि बापानं शाबासकी दिली असेल.

"तिनंही?" मास्तरांनी विचारलं.

जावयानं वळून पाहिलं. हेल्मेटच्या चौकटीत म्हाताऱ्याचा चेहरा आक्रसून एवढासा झाला होता. खालचा ओठ थांबत नव्हता. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, स्वतःच्या आईला नाही, दवाखान्यात मास्तर खाटेशी उभे होते तेव्हाही नाही. गेलेल्या माणसावर कसं ढकलायचं, म्हणून तोंडाला कुलूप घातलं होतं. आताही नाही म्हणता आलं असतं. पण तो ओठ पाहून त्याला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं, आणि त्याला आणखी हवं झालं.

"हो," तो म्हणाला. "तिनंही. असंच, ह्याच बाजूला. तुम्ही शिकवलं तसं."

मास्तरांची बोटं त्याच्या खांद्यावरून सुटली.

"निघतानासुद्धा म्हणाली होती. मी सांगत होतो, माझ्याबरोबर झुक. ती म्हणाली, बाबांनी शिकवलंय तेच मी करणार."

निघताना ती असलं काही म्हणाली नव्हती. त्या दिवशी ती पिशवीत ठकीसाठी घेतलेला झगा शोधत होती. ते वाक्य त्यानं आत्ता तिच्या तोंडी घातलं.

त्यानं गाडी सुरू केली. उरलेल्या पुलावर मास्तर पाठीशी पोत्यासारखे बसले होते. वारा नेईल तिकडे झुकत होते, गाडी झुकेल तिकडे झुकत होते. इतकं चांगलं त्याच्या मागं कधी कुणी बसलं नव्हतं.

*

गाडीचा आवाज ऐकून ठकी पायरीवर उभी राहिली. तिनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. सासूबाई ओले हात पदराला पुसत दारात आल्या.

मास्तर उतरले. हेल्मेट काढायला त्यांना वेळ लागला, पट्टा सुटेना. जावयानं मदतीला हात पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला. केस डोक्याला चिकटून ते एकदम म्हातारे दिसत होते. पायरीपर्यंत ते नीट चालत गेले.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी स्वतः बसून बघितलं," मास्तर म्हणाले. ते ठकीकडे पाहत होते, तिच्या बुटांकडे. "याच्या हातात गाडी राहत नाही. आज मलाही घेऊन गेला असता. विचार त्याला, गाडी कठड्याला घासली की नाही."

"मास्तर," जावई म्हणाला.

"घासली की नाही?"

"घासली."

"झालं तर मग." ते पायरी चढले. "पोर याच्या हाती द्यायची नाही."

ते आत गेले आणि आतल्या खोलीचं दार लागलं. ठकीनं एकदा बाबाकडे पाहिलं, एकदा आजीकडे.

"मग मी बूट काढू?" तिनं विचारलं.

"काढ, बाळा," सासूबाई म्हणाल्या. "आत जाऊन काढ."

जावई तिच्यापाशी गेला. उकिडवा बसून तिच्या केसांवरून हात फिरवला. तिनं त्याच्या कोपराला बोट लावलं, तिथं शर्ट फाटून रक्त आलं होतं, आणि बोट लगेच मागं घेतलं. मग ती आत पळाली. ती रडली असती तर त्याला तिला जवळ घेता आलं असतं. ती रडली नाही.

सासूबाई त्याच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या.

"आई, ते खोटं बोलले," तो म्हणाला.

"हो."

त्यानं वर पाहिलं.

"पुलावर काय झालं ते तुम्हाला सांगतो. बस आली आणि…"

"आणि यांनी दुसरीकडे अंग टाकलं," त्या म्हणाल्या. "मला नका सांगू. लग्न झाल्यावर मीही बसायचे त्यांच्या मागं. गाडी झुकली रे झुकली की ओरडायचे, तिकडे हो, तिकडे हो. एकदा पडलो दोघं. त्यानंतर मी बसले नाही. सगळीकडे पायी जाते, बायका हसतात मला. लेकीला मात्र ते बसवत राहिले. तिला आवडायचं."

वाऱ्यानं फाटक उघडून भिंतीवर आपटलं. सासूबाईंनी ते धरलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"दवाखान्यातून निरोप आला तेव्हापासून."

"आणि इतके दिवस तुम्ही मला…"

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी नजर खाली केली नाही. "त्यांना कळलं असतं तर ते जिवंत राहिले नसते. तुम्ही राहाल असं मला वाटलं. राहिलात ना? हिंडताफिरताय, कामाला जाताय. पुढं कधी लग्नही कराल. मला मात्र त्यांच्याबरोबर ह्याच घरात राहायचंय. त्यांचा राग तुमच्यावर होता तोवर घर चालत होतं."

त्याला खूप बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"आता त्यांना कळलंय. मी सांगितलं."

सासूबाई थांबल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला.

"तुम्ही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आणि…" पुढचं त्याला बोलवेना.

त्यांनी घराकडे वळून पाहिलं. आतल्या बंद दाराच्या दिशेनं बराच वेळ पाहत राहिल्या. पुन्हा त्याच्याकडे वळल्या तेव्हा आवाज शांत होता. बाजारात भाव ठरल्यावर बायका बोलतात तसा.

"खरं सांगू, तुम्ही त्यांना काही न सांगता नुसते गाडी लावून घरात आला असता ना, तर आज मी पोर तुमच्याबरोबर पाठवणार होते. ते काहीही म्हणाले असते तरी. पिशवी मीच भरली होती. तुमचे हाल मला दिसत नव्हते असं नाही." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "आता नाही पाठवता येणार. आता उद्या सकाळी ते अंथरुणातून उठायला हवेत, तर घरात ठकी लागेल."

"ती माझी मुलगी आहे, आई."

"माझीही एक होती," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी येत जा. वारा नसेल तेव्हा."

त्यांनी फाटक ओढून घेतलं. कडी बसली, पण वाऱ्यानं लगेच निसटली. त्यांनी ती पुन्हा लावली, ती पुन्हा निसटली. मग त्यांनी कमरेला खोचलेला पुसायचा फडका काढला, त्याची लांब चिंधी फाडली आणि फाटक खांबाला बांधायला घेतलं. चिंधी वाऱ्यानं उडत असल्यामुळं पहिली गाठ नीट बसेना. तो बाहेरच्या बाजूला गाडी धरून उभा होता. एकदा त्यानं सवयीनं हात पुढं केला आणि त्यांना सोपं जावं म्हणून फाटक खांबाला दाबून धरलं. त्यांनी त्याच्याकडे न पाहता दुसरी गाठ मारली, ओढून पाहिली आणि मग तिसरी मारली.